धक्क्यावरचा दिवा

माझ्या नवऱ्याची, अझहारीची होडी परतली नाही, त्या संध्याकाळी माकनं, म्हणजे माझ्या सासूनं, धक्क्याच्या खांबाला मोठा पांढरा दिवा टांगला. तेव्हा नूहा माझ्या पोटात होती. ती रांगायला लागली, तरी दिवा रोज मगरीबच्या नमाजानंतर लागतच होता.

दिव्यासमोरच आमचं बेरेंबांगचं झाड, अर्धं पाण्यात. लग्न होऊन आले तेव्हा ते काजव्यांनी असं लुकलुकायचं, की मी चुलीवरचा भात विसरायचे. दिवा लागल्यापासून नुसतं काळं उभं असायचं.

एक दिवस पाक देरीस या म्हाताऱ्या नावाड्याच्या होडीतून उद्यानाच्या बाई आल्या. नदीकाठचं काजव्यांचं उद्यान वाढवायचं चाललं होतं. आमचा काठ त्यात आला, तर त्याला कुणी हात लावणार नाही. नाही आला, तर कोळंबीवाला टपलेलाच होता. झाडं तोडून त्याला इथं तळी खणायची होती.

"पण काजवेच नसलेलं झाड मी उद्यानात कसं घेऊ?" बाई माकला म्हणाल्या. "माकचिक, हा दिवा काढा. काजवे एकमेकांना अंधारात शोधतात. एवढ्या उजेडात त्यांना जोडीदार दिसत नाही."

"आणि माझ्या मुलाला घर कसं दिसेल?" माकनं मासा साफ करता करता विचारलं.

पाक देरीस गप्प बसणाऱ्यांतले नव्हेत. "अगं सेनाह, तुझा दिवा बघून उद्या समुद्रातली मोठी जहाजं तुझ्या दारात नांगर टाकतील!"

"टाकू देत. चहा पाजीन. तुझ्यासारखी फुकटी तर नसतील."

पाक हसले. मग वल्ह्याकडे बघत म्हणाले, "अझहारीला होडी मीच शिकवली ना? या वळणाला गाळ. लुकलुकणारं झाड दिसलं, की होडी डावीकडे घ्यायची, बस. आम्ही दिवा बघून कधी वळलोच नाही. तो आला, तर झाडच शोधेल."

माकचा सुरीचा हात थांबला. "हे आधी सांगता नाही आलं, मेल्या?"

"तू बोलू दिलंस कधी?"

'आला, तर' म्हणताना पाकनी माझ्याकडे बघितलं नव्हतं. मला ते कळलं. माकला फक्त झाड ऐकू आलं.

संध्याकाळी तिनं स्वतः दिवा उतरवला, अझहारीच्या जुन्या सारोंगमध्ये गुंडाळला आणि कपाटात ठेवला. मला सांगावंसं वाटलं, माक, आता दिवा काय अन् झाड काय. पण नूहा रडली आणि मी तिला पदराआड घेतलं.

बरेच दिवस काळोखच होता. मग एका फांदीवर थोडे काजवे, मग खालच्या पानांवर. बाई येऊन बघून गेल्या. उद्यानाची लाल पाटी आता आमच्या धक्क्यापलीकडे रोवली आहे. कोळंबीवाला फिरकला नाही.

झाड भरलं, त्या संध्याकाळी माक म्हणाली, "आता सापडेल त्याला," आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आत जाऊन लवकर झोपली.

धक्क्यावर आता मी बसते. नूहा झाडाकडे मूठ उघडते, मिटते, उघडते. मी वळणाकडे बघत नाही असं ठरवते, आणि बघते.