दहातले दोन वाटे

फुसाए झऱ्याच्या दगडी कुंडाशी लोणच्याचे मुळे धूत बसली होती. तोचिदानी गावात थंडीच्या तोंडावर सगळ्या बायका हेच काम करतात. पाण्यानं बोटं लालभडक होतात, तरी नळाखाली मुळे धुवायचं कुणाच्या मनात येत नाही.

तेवढ्यात पायवाटेनं सुमिए आली. तिच्या काखेत गावाची फिरती पाटी होती. नगरपालिकेच्या सूचना, साफसफाईचे दिवस, कुणाच्या घरी काय झालं, हे सगळं त्या पाटीला अडकवलेलं असतं. प्रत्येक घरानं वाचायचं, सहीच्या जागी आपल्या घराचा शिक्का मारायचा आणि पाटी पुढच्या घरी पोचवायची. सुमिएच्या घरानंतर फुसाएचं घर. दोघी लग्न होऊन या गावात आल्या तेव्हापासून हा क्रम. सुमिए अंगणातूनच "अगं ए, आहेस का?" म्हणून ओरडणार, मग चहा होणार, गप्पा रंगणार आणि पाटी दुपारपर्यंत तिथंच पडून राहणार. "तुमच्या दोघींमुळे गावाला बातम्या शिळ्या मिळतात," असं फुसाएचा नवरा तोकुजी नेहमी म्हणायचा.

फुसाएनं एप्रनला हात पुसले आणि पाटीसाठी पुढं केले. सुमिए तिच्याकडे न बघता वरच्या घराच्या पायऱ्या चढू लागली.

"अगं सुमिए, पाटी!"

सुमिए थांबली, पण वळली नाही. "वरच्या घरी द्यायला सांगितलंय. मला काही विचारू नकोस गं," एवढं म्हणून ती दुखऱ्या गुडघ्यांनी वर गेली.

फुसाएचं घर वाळीत पडलं होतं.

आमच्या या डोंगरांत गावाशी माणसाचं नातं दहा वाट्यांचं मानतात. लग्न, बाळंतपण, आजारपण, घरबांधणी, पूर, श्राद्ध असे ते वाटे. वाळीत टाकलेल्या घराचे त्यातले आठ तोडायचे आणि दोन ठेवायचे, आग आणि प्रेत. त्या घराला आग लागली तर गाव विझवायला जातं, मयत झालं तर उचलायला जातं. यात दया आहे असं कुणी समजू नये. आग शेजारी पसरते आणि प्रेत कुजतं, म्हणून हे दोन वाटे राखलेत. कायद्यानं हा प्रकार कधीच बंद झाला म्हणतात. पण कायदा खाली शहरात राहतो, इथं वर सहसा येत नाही.

तोकुजीचा गुन्हा एवढाच, की गावच्या बैठकीत त्यानं होकाराची मान डोलावली नाही.

झरा आणि त्याच्या वरचं रान ना सरकारचं, ना कुणा एकाचं. पूर्वजांपासून ते गावातल्या अकरा घरांचं सामाईक, आणि एक घर जरी नाही म्हणालं तरी ते कुणाला देता येत नाही. नगरपालिकेचा हिरोबे नावाचा साहेब मोठा नकाशा घेऊन आला होता. गोड बोलणारा माणूस. रान नगरपालिकेच्या नावावर करायचं, नगरपालिका झरा एका कंपनीला तीस वर्षं वापरायला देणार, कंपनी पाण्याच्या बाटल्या भरणार आणि त्या उत्पन्नातून गावाची बस चालू राहणार, असं त्यानं समजावून सांगितलं.

"म्हणजे सरकार घेणार आणि कंपनीला देणार," तोकुजी म्हणाला. "मग कंपनीच का येत नाही सरळ?"

"लोकांचा कंपनीवर विश्वास नसतो हो, आजोबा. सरकार मधे असलं की बरं असतं."

"कुणाला बरं?"

बैठकीत हशा पिकला. गावप्रमुख यासुहेई मात्र हसला नाही. त्याच्या बायकोची मूत्रपिंडं निकामी झाली होती. दर एक-दोन दिवसांआड तिला रक्त शुद्ध करून घ्यायला खाली इस्पितळात जावं लागे, आणि जायला ती एकच बस होती.

"तोकुजी, तुला बोलायला काय जातंय? पाणी तुझ्या दारातनं वाहतंय. माझ्या बायकोचं रक्त बसनं जातंय."

"बस चालवणं सरकारचंच काम आहे ना, यासुहेई? त्यासाठी आपला झरा कशाला? आज बससाठी झरा मागतायत, उद्या दिव्यासाठी डोंगर मागतील."

"उद्याचं उद्या बघू."

"तुझ्या-माझ्या बापानं असंच म्हटलं असतं, तर आज मागायला झरा उरला असता का रे?"

दोघंही खरं बोलत होते. लहानपणापासूनचे दोस्त, पण त्या दिवशी दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवली. ज्यानं त्यांना समोरासमोर उभं केलं त्या साहेबानं नकाशाची गुंडाळी केली, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि शेवटची बस पकडली.

पाटी यायची थांबली. मग वर्षअखेरीला गावानं मिळून शिजवलेला चिकट भात कुटला, त्याच्या मोची नावाच्या वड्या केल्या, पण या घराला त्या आल्या नाहीत. दुकानातल्या बाईला फुसाएचं बोलणं ऐकू येईनासं झालं. तोकुजी वरवर हसत असे. "बरं झालं. आता तुला बडबड ऐकवायला मीच एकटा." पण जेवताना तो घास हातात धरून दाराकडे बघत बसायचा, आणि हे फुसाएला दिसत होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. माणसं म्हणजे हेच गाव.

जानेवारीत बर्फ पडलं. छपरावर साचलेलं बर्फ उतरवलं नाही तर घर दबतं. या कामाला कधी एकट्यानं चढायचं नसतं. वरच्या माणसाच्या कमरेला दोर बांधायचा आणि दोराचं दुसरं टोक खालच्यानं धरायचं. तोकुजी वर, यासुहेई खाली, मग यासुहेईच्या छपरावर उलटं. तरुणपणापासून दोघांचा दोर एकच होता.

"अहो, मी धरते दोर," फुसाए म्हणाली.

"तू? मी घसरलो तर पतंगासारखी माझ्या मागं उडत येशील. जा, सूप गरम करून ठेव."

त्यानं दोर कोठाराच्या जुन्या खांबाला बांधला आणि शिडी चढला.

फुसाए चुलीशी असताना घर हादरलं. ती धावत बाहेर आली. खांब मोडून पडला होता आणि छपरावरचं सगळं बर्फ वळचणीखाली ढीग होऊन पडलं होतं. तोकुजी कुठं दिसत नव्हता. ढिगातून नुसतं दोराचं टोक बाहेर आलं होतं.

"वाचवा! अहो, कुणीतरी या! वाचवा!"

समोरच्या घराची खिडकी सरकली. सुमिएच्या दाराचा आवाज झाला. आपल्या अंगणात बर्फ ओढत असलेला यासुहेई फावडं घेऊन दोन पावलं पुढं आला आणि थबकला. त्यानं दुसऱ्या घरांकडे पाहिलं. दुसऱ्या घरांतली माणसं त्याच्याकडे पाहत होती. बर्फात गाडलेला जिवंत माणूस ना आगीत बसत होता, ना प्रेतात.

फुसाए हातांनी उकरत होती. तिची नखं फाटली. आजूबाजूला कुणाची पावलं वाजत नाहीत हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती उठून उभी राहिली आणि सगळा जीव एकवटून ओरडली, "आग! आग लागली हो! आग!"

सगळी दारं उघडली आणि बादल्या घेऊन माणसं धावली. आग नाही हे आल्या आल्या सगळ्यांना दिसलं, पण परत कुणी फिरलं नाही. यासुहेईनं बादली भिरकावली आणि तो वेड्यासारखा उकरू लागला. तोकुजी हाती लागला तेव्हा त्याचं अंग अजून कोमट होतं. यासुहेई त्याची छाती दाबत राहिला, त्याला हाका मारत राहिला, शिव्याही देत राहिला. शेवटी लोकांनी त्याला ओढून बाजूला केलं.

मग दुसरा वाटा लागू झाला.

बायका पांढरे एप्रन बांधून फुसाएच्या स्वयंपाकघरात शिरल्या. कुठल्या फडताळात काय आहे हे सुमिएला न विचारता ठाऊक होतं. तिनं कंदमुळं शिजवली, भाताचे गोळे वळले. "मीठ कमी झालंय का बघ गं," तिनं फुसाएला विचारलं, मधले महिने जणू नव्हतेच. पुरुषांनी वाटेवरचं बर्फ काढलं. भिक्षूनं मंत्र म्हटले, उदबत्त्या जळल्या आणि सगळे खरोखर रडले. यासुहेई भिंतीकडे तोंड करून बसला होता.

आणि फुसाएला बरं वाटत होतं. हे लिहायला जड जातं, पण तसं होतं खरं. घरात माणसांचा आवाज होता, तव्यावर तेल चरचरत होतं, कुणीतरी कुणाला हळूच हसून गप्प करत होतं. नवऱ्याच्या प्रेताशेजारी बसून तिला वाटत होतं, की हे लोक जाऊ नयेत.

दहन होऊन रक्षा घरी आली. बायकांनी भांडी घासली, एप्रन सोडून घड्या घातल्या. एकेकीनं वाकून नमस्कार केला आणि ती निघाली. शेवटी सुमिए दाराशी आली. ती बाहेर पडली. तिनं दार ओढून घेतलं.

फुसाए त्या बंद दाराकडे बघत राहिली. मग तिनं देव्हाऱ्याच्या खणातून घराचा शिक्का काढला आणि ती नुसत्या मोज्यांवर बर्फात धावली.

"सुमिए, थांब गं! यासुहेईला सांग... त्या रानाच्या कागदावर कुठं मारायचा शिक्का? कुठं मारू सांगा!"

कुणी तिला जबरदस्ती केली नाही. कागदोपत्री सगळं राजीखुशीचं आहे.

उन्हाळ्यात झऱ्याभोवती कुंपण आलं, यंत्रं आली. गावाच्या नळांना धार बारीक झाली. यासुहेईनं नगरपालिकेला फोन केला. पाणी कंपनीकडे आहे, त्यांना विचारा, असं हिरोबे म्हणाला. कंपनीतल्या मुलीनं आवाज अगदी मऊ करून सांगितलं, की आमचा करार नगरपालिकेशी आहे, गावाशी नाही. बस अजून येते, पण आठवड्यातून एकदाच. बाकीच्या दिवशी यासुहेई बायकोला स्वतःच्या जुन्या गाडीत घालून घाट उतरतो. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे.

थंडीच्या तोंडावर एका सकाळी अंगणातून हाक आली, "अगं ए, आहेस का?"

सुमिए पाटी घेऊन आली होती. फुसाएनं चहा ठेवला. पाटीवर पहिलीच सूचना होती, की झऱ्याच्या परिसरात शिरण्यास आणि कुंडात भाज्या धुण्यास मनाई आहे. फुसाएनं ती नीट वाचली आणि खाली आपला शिक्का मारला. मुळ्यांची जुडी दाराशीच पडून होती.

चहा ओतता ओतता तिनं विचारलं, "सुमिए, त्या दिवशी मी आधी 'वाचवा' म्हणून ओरडत होते. तुला ऐकू आलं होतं का गं?"

सुमिएनं पेला खाली ठेवला.

"आलं होतं," ती म्हणाली. "सगळ्यांनाच आलं होतं."