दातांकडून केसांकडे

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, आणि माझ्या उमेदीच्या वर्षांत माझ्यावर हसत हसत कोणीही बसलं नाही. कारण मी दातांच्या डॉक्टरांची खुर्ची होते.

कारखान्यात कारागिरांनी लोखंड वाकवून माझा सांगाडा केला, त्यावर हिरवं रेक्झिन ताणून बसवलं आणि पायाशी एक दांडा लावला. तो दाबला की मी वर जात असे, सोडला की हळूच खाली येत असे. पाठ मागे टेकवावी तेवढी टेकत असे. अशी नटूनथटून मी एका मोठ्या दवाखान्यात आले.

तिथल्या डॉक्टरीणबाई बोलायला तिखट, पण हाताने फार हलक्या. "आ कर. अजून मोठा. घशात हत्ती शिरला पाहिजे!" असं त्या म्हणत. मूल खुदकन हसे, आणि तेवढ्यात दात बाहेर! सगळे बाईंचं कौतुक करत निघून जात. माझं कौतुक कोण करणार? दात रुग्णांचा दुखायचा आणि नखं माझ्या हातांत रुतायची.

मग एके दिवशी विजेवर चालणारी नवी खुर्ची आली. मला कोपऱ्यात सरकवण्यात आलं. माझ्या अंगावर आधी खोकी आली, मग कोणीतरी मांडीवर ओला पोछा वाळत घालू लागलं. वाईट वाटायचं, मित्रांनो.

अशातच भांडार सांभाळणारे साहेब आले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही खुर्ची वळवायची आहे."

मी गोंधळले. मी तर जन्मभर वळतच होते, कधी डावीकडे, कधी उजवीकडे! डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या. "वळवायची म्हणजे? भंगारात?"

"छे हो बाई! भंगारात टाकणं वेगळं आणि वळवणं वेगळं. एक वाफा भिजला की पाणी दुसऱ्या वाफ्याकडे वळवतात ना, तसं. मागच्या दाराशी कात्रीकाकांचं केस कापायचं दुकान आहे. त्यांची खुर्ची मोडलीय. आजारी माणसांना बिचारे स्टुलावर बसवतात. इथे ही नुसते पोछे सांभाळतेय. तिथे हिची गरज आहे."

बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "जा मग. सुखात राहा," म्हणाल्या.

कात्रीकाका म्हणजे काडीसारखा बारीक माणूस, पण शीळ अशी वाजवायचे की वरच्या मजल्यावरचे रुग्ण खिडकीत येऊन ऐकायचे. मला पाहताच ते दोन पावलं मागे सरले. "अरे बाप रे, दातांची खुर्ची! हिला बघूनच माझी दाढ ठणकायला लागली."

दुकानात टॉवेलांच्या घड्या घालणाऱ्या काकू म्हणाल्या, "दाढ तुमची आधीपासूनच ठणकतेय. बिचाऱ्या खुर्चीला कशाला बोल लावता?"

काकूंनी मला घासूनपुसून लख्ख केलं आणि नवा लाल अभ्रा शिवला. चूळ टाकायच्या भांड्याच्या जागी आता साबणाची वाटी बसली. माझं पहिलं गिऱ्हाईक होतं बरेच दिवस खाटेला खिळलेले एक आजोबा. काकांनी त्यांच्या गालाला फेस लावला आणि आजोबा चक्क घोरायला लागले. माझ्या मांडीवर कोणीतरी निर्धास्त झोपलं होतं! मुलं तर माझ्यावरून उतरायलाच तयार नसत. "काका, अजून एकदा वर न्या ना!"

पण काकांची दाढ काही गप्प बसेना. गाल सुजला, शीळ बंद झाली, जेवण पेजेवर आलं. दिवसभर लोकांच्या गळ्याशी वस्तरा धरणारा हा माणूस दात उपटायच्या चिमट्याला मात्र भीत होता. "जीव गेला तरी दातांच्या खोलीत पाऊल टाकणार नाही," असं त्यांनी काकूंना बजावलं. शेवटी एका दुपारी कळ इतकी जोरात आली की हातातला वस्तरा सटकला. गिऱ्हाइकाचा कान थोडक्यात वाचला. काकांनी वस्तरा खाली ठेवला आणि दुकानाचं दार ओढून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

काकू तडक बाहेर पडल्या आणि डॉक्टरीणबाईंनाच घेऊन आल्या. बाईंनी आधी मला थोपटलं. "काय गं, बरी आहेस ना?" मग काकांना विचारलं, "या खुर्चीत तुम्ही स्वतः कधी बसलात का?"

"मी? ही तर गिऱ्हाइकांची."

"बसा तर. खुर्ची तुमची, दुकान तुमचं. मी इथे पाहुणी. हे बघा, हात रिकामे आहेत. नुसती बघते."

काका बिचकत बसले. मी जमेल तितकी मऊ झाले. काकूंनी विजेरी धरली, बाईंनी आत पाहिलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "मुळाशी पू झालाय, काका. आता थांबणं धोक्याचं आहे."

काकांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. बाईंनी समजावलं, काकूंनी आर्जवं केली. मग काका म्हणाले, "काढा. पण इथेच. हिच्यावरच."

बाई हसल्या. "खुर्ची वळवायला एक सही पुरली. तुमचं मन वळवायला अख्खी दुपार गेली!"

औषधांनी सूज उतरल्यावर बाई उकळलेल्या हत्यारांचा डबा घेऊन आल्या. आधी सुई टोचून त्यांनी हिरडी बधिर केली. मी पाठ मागे टेकवली, मान सांभाळली. काकांनी माझे हात घट्ट आवळले. खरं सांगू? या वेळी मला ती नखं टोचली नाहीत.

"कधी काढणार?" काकांनी डोळे मिटूनच बोबड्या आवाजात विचारलं.

"काढली की! केव्हाच!"

काकू आधी रडल्या, मग हसत सुटल्या. जखम भरल्यावर काकांनी शीळ घातली, तर दाढेच्या जागी पडलेल्या फटीतून एका सुराचे दोन सूर निघू लागले. लोक म्हणाले, पहिल्यापेक्षा हीच बरी!

आज माझा अभ्रा कडेला विरलाय, दांडा थोडा कुरकुरतो. पण काकू वेळच्या वेळी तेलाचा थेंब सोडतात, आणि मला आणखी काय हवं? मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत आमच्यासारख्या किती तरी वस्तू कोपऱ्यात धूळ खात असतील. त्यांना पुसा, त्यांचे खिळे घट्ट करा. आणि त्या तुमच्या कामाच्या उरल्या नसतील, तर फेकण्याआधी जरा आजूबाजूला पाहा. आम्हाला विश्रांती नको असते हो. आम्हाला माणूस हवं असतं.

बरं, पुरे करते. दारात एक आजी उभ्या आहेत. त्यांना बसायला द्यायचंय.