वरच्या स्विचची क्लिप

पाच वर्षांत तिने चार मॉड्यूल जाळली होती. हे पाचवं आणि शेवटचं. बॅटरीतली वीज इलेक्ट्रिक बसच्या मोटरला हवी तशी करून देणारा इन्व्हर्टर ती बनवत होती, आणि त्याचा सगळा जीव या तळहाताएवढ्या काळ्या ठोकळ्यात. नवा मागवायचा तर सहा महिने, आणि फेलोशिप याच महिन्यात संपणार. आज चार वाजता परीक्षक येणार होते. इन्व्हर्टर पूर्ण लोडवर चालला तर पीएचडी, नाहीतर पाच वर्षं पाण्यात. घरी सासूबाई तापाने फणफणलेल्या नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "तू तुझं उरकून ये," एवढंच म्हणाल्या होत्या बिचाऱ्या.

अडीचला तिचे मार्गदर्शक आले. या विषयातला दांडगा माणूस. सर आत आले की अख्खी लॅब चिडीचूप. व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या स्क्रीनकडे बघून म्हणाले, "मॉड्यूलमधल्या वरच्या स्विचवर काय चाललंय ते बघू."

"सर, त्याचा वेगळा प्रोब शेजारच्या लॅबने नेलाय. आणते."

"कशाला? हा आहे की." त्यांनी टेबलावरचा साधा प्रोब, म्हणजे स्क्रीनला जोडलेली मोजणीची वायर, उचलला.

आता, साध्या प्रोबची काळी क्लिप आतून थेट अर्थिंगला जोडलेली असते. ती वरच्या स्विचला लावली की आठशे व्होल्टचा सरळ शॉर्ट. हे ती स्वतः दरवर्षी नव्या पोरांना कान धरून शिकवायची. सर क्लिप कुठे लावताहेत ते तिला स्वच्छ दिसत होतं. पण सरांना चुकलात म्हणायचं कुणी? त्यांनी काहीतरी विचार केला असेल, आपल्यालाच कळत नसेल, अशी तिने मनाची समजूत घातली. मेली जीभ उचललीच नाही.

क्लिप लावून सर मागे सरले. "दे सप्लाय."

तिने बटण दाबलं.

केवढा तो आवाज! धूर विरला तेव्हा मॉड्यूल उभं चिरलेलं होतं. सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुला दिसलं नाही?"

"दिसलं होतं, सर."

"मग बोलली का नाहीस?"

तिने सप्लाय बंद केला. सर स्टुलावर बसले. "चार वाजता मी सांगतो त्यांना. चूक माझी होती."

"बटण मी दाबलं, सर," ती म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.