कागद आणणारा

“वाच,” एलसीने कागद माझ्यापुढे सरकवला. “सहा वर्षं अक्षरं गिरवतोयस दादा, आता कामाला येऊ दे की.”

“मावशी, जरा हळू,” वर्ग घेणारी केरिन दाराकडे बघत म्हणाली. “ऑफिसचे साहेब परवाच बोलून गेलेत. म्हाताऱ्यांच्या वर्गात जुने सरकारी कागद नकोत, ते राजकारण होतं. प्राण्यांच्या गोष्टी वाचा म्हणे.”

“कांगारूची गोष्ट मला शिकवतोय होय? त्याला म्हणावं, बस इथं, मी सांगते, तू लिहून घे.”

सगळे हसले. मीही हसलो. अडुसष्टाव्या वर्षी शिकायला बसलो तेव्हा वाचणं म्हणजे डब्यावरचं नाव आणि औषधाची वेळ, एवढीच माझी समजूत होती. त्यात कसलं आलंय राजकारण?

एलसी माझी धाकटी बहीण. बावन्न वर्षांपूर्वी पोलिसांची गाडी आली आणि तिची चार वर्षांची मुलगी घेऊन गेली. बाप गोरा असलेली आम्हा ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची मुलं तेव्हा सरकार अशीच नेत असे. ती परत आली नाही. आहे की गेली, तेही कळलं नाही. आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव उच्चारत नाहीत. एलसीनेही त्या दिवसापासून मुलीचं नाव तोंडातून काढलं नाही. खबर कोणी दिली, एवढं मात्र तिला मरण्याआधी कळायला हवं होतं. म्हणून तिने सरकारी दप्तरातून ही प्रत मागवली होती.

पत्र कॉर्कवुडच्या मालकाचं होतं. त्याच्या फार्मवर मी गुरांमागे असायचो, एलसी स्वयंपाकघरात. मी ओळीखाली बोट धरून वाचू लागलो.

“हा कागद आणणाऱ्याच्या बहिणीला एक गोरटी मुलगी आहे. वय चार. गाडी गुरुवारी पाठवा. त्या दिवशी आई धुणं घेऊन नदीवर जाते.”

“आणणारा कोण?” एलसीने विचारलं.

नाव लिहिलेलं नाही, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं.

पूर्वी आमचा निरोप्या खुणा कोरलेली काठी घेऊन निघायचा. काठी नुसती ओळखीला. निरोप त्याच्या तोंडात असायचा आणि पोचल्यावर तो मोठ्याने सांगायचा. मला वाटायचं, गोऱ्यांचा कागद म्हणजे त्यांची काठीच. म्हणून मी मालकाला विचारलं होतं, “काय सांगू?” तो म्हणाला, “पीठ आणि मीठ.” दोन दिवस घोडा चालवून मी ठाण्यावर पोचलो, पोलिसापुढे ताठ उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, “पीठ आणि मीठ.” त्याने कागद वाचला, मग माझ्याकडे बघून हसू लागला. मीही हसलो. निरोप नीट पोचला, असं मला वाटलं.

“मी,” मी एलसीला म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. “पुन्हा वाच,” म्हणाली.

मी वाचलं. तिने तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग कागदाची घडी केली आणि निघून गेली.

तेव्हापासून मी काहीही वाचायला घेतलं, अगदी औषधाची बाटली, तरी त्या पोलिसाचं हसू ऐकू येतं.

पुढच्या बुधवारी एलसी वर्गात आली. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि पिशवीतून एक कोरी वही काढली.

“अरे वा, मावशी!” केरिन म्हणाली. “कुठल्या अक्षरापासून सुरुवात करू या?”

“नोरीन,” एलसी म्हणाली.

केरिनने ते फळ्यावर लिहिलं. मी मान खाली घातली. पलीकडे पेन्सिल वहीवर घासत होती, थांबत होती, पुन्हा घासत होती.