पायावरचे ठिपके

ताईच्या पार्लरमध्ये दोन खुर्च्या होत्या, एक मोठा आरसा होता आणि तिच्या तोंडात एक म्हण होती : झाकली मूठ सव्वा लाखाची. वीस वर्षांत तिनं किती मुरमं, किती वांग आणि किती भाजल्याचे डाग झाकले असतील त्याला गणती नाही. लग्नाला उभ्या राहणाऱ्या मुलीच्या गालावरचा व्रण ती असा नाहीसा करायची, की मुलीच्या आईलाही तो शोधावा लागे. या कामाचा तिला गर्व होता, आणि तो खोटाही नव्हता.

पण धाकट्या बहिणीच्या बाबतीत डॉक्टरबाईंनी तिला बजावून सांगितलं होतं की काही झाकायचं नाही, फक्त बघायचं.

धाकटीला रक्ताचा कर्करोग झाला होता. सहा महिन्यांच्या औषधांत केस गेले, भुवया गेल्या, पापण्याही गेल्या. उरलेसुरले केस ताईनंच मशीन फिरवून काढले होते, आणि तोंडानं सारखी थट्टा चालू ठेवली होती, म्हणजे डोळ्यांना गळायला सवड मिळू नये. आता रक्त स्वच्छ आलं होतं. धाकटी पार्लरमागच्या खोलीत राहायला आली, तेव्हा डॉक्टरबाईंनी एक कागद दिला. अंघोळीला कोमट पाणी, मऊ कापडानं टिपून घेणं, बिनवासाचं मलम, डोक्याला ऊन लागू न देणं, वर्षभर कलप नाही. आणि तळाशी, खाली दोन रेघा मारून : रोज सकाळी सगळं अंग उजेडात बघा. नवा ठिपका किंवा काळंनिळं दिसलं, तर त्याच दिवशी घेऊन या.

ताईनं तो कागद आरशाला चिकटवला. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी ती धाकटीला खिडकीपाशी बसवायची, मान, पाठ, हात, पाय बघायची, मलम लावायची आणि नखं मऊ कानसेनं घासायची. डोक्यावर नवे केस आले होते, पिल्लाच्या पिसांसारखे, बोटभरसुद्धा नाहीत. धाकटी ते रोज बोटाच्या पेरानं मोजायची.

"ताई, भांग कधी पडेल गं?"

"काल पेरलं आणि आज कणीस मागतेस? थांब जरा."

धाकटी हसायची. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची.

घोडं अडलं ते मलमापाशी. ते मलम म्हणजे नुसता चिकटा, आणि धाकटीच्या नडग्या तर खवल्यांसारख्या फुटलेल्या. ताईला ते बघवेना. एक दिवस धाकटी पाय गार पडलेत म्हणाली आणि मोजे काढायलाच तयार होईना. "माझ्या बहिणीचे पाय आणि ही कळा!" असं म्हणत ताईनं त्या संध्याकाळी फळीवरची गुलाबी बरणी उतरवली. गिऱ्हाईकं जिच्यावर खूश होती ती सुगंधी क्रीमची बरणी. जित्याची खोड, दुसरं काय! मोजे घोट्यापर्यंतच होते, तेव्हा तिनं नडग्यांना क्रीम चोपडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही नडग्यांवर लाल ठिपके होते, खसखशीच्या दाण्याएवढे.

क्रीम बाधलं! कागदावर स्पष्ट लिहिलेलं असताना आपण शहाणपणा केला.

"खाजतंय का गं?"

"थोडंसं," धाकटी म्हणाली आणि तिनं पाय पोटाशी घेतले.

पुरळ असेल तर बोटानं दाबल्यावर क्षणभर फिकट पडतं; नाही पडलं, तर ते कातडीखाली उतरलेलं रक्त. हे ताईच्या धंद्यातलं पहिल्या महिन्यात शिकायचं ज्ञान. तिनं अंगठा पुढे केला, तेवढ्यात बाहेरून गिऱ्हाईकाची हाक आली. परत आल्यावर तिनं ते दाबून बघितलं नाही. विचारलं असतं तर वेळ नव्हता म्हणाली असती, पण ते खोटं. तिला भीती वाटली होती.

नेमकी दुसऱ्याच दिवशी तपासणी होती. ठिपके गेले नव्हते, उलट दाट झाले होते. ताईच्या मनात पाल चुकचुकली, पण चोराच्या मनात चांदणं, तिला फक्त आपली चोरी दिसत होती. बाई काय म्हणतील? धाकटीला परत वॉर्डात ठेवतील, आणि तुमच्या हातात पुन्हा देणार नाही म्हणतील.

"बाई पाय बघणार बरं का," ती म्हणाली.

"मग झाक ना," धाकटी शांतपणे म्हणाली. "तुझं कामच आहे ते."

ताईनं झाकलं. आधी लाली मारायला हिरवट थर, त्यावर कातडीच्या रंगाचा, त्यावर पावडर. असं सुरेख काम तिनं कधी केलं नव्हतं.

डॉक्टरबाईंच्या दाराशी रांग लागली होती. त्यांनी मान चाचपली, पोट दाबलं, सूज बघायला घोट्यावर बोट टेकवलं. "कातडी छान ठेवलीत हो. ठिपके वगैरे काही?"

"नाही," ताई म्हणाली. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

"दहा दिवसांपूर्वीचं रक्त चांगलं आहे. आता पुढचं महिन्याने."

घरी आल्यावर धाकटीनं चूळ भरली. ताई टॉवेल घेऊन मागेच उभी होती. बेसिनमधलं पाणी गुलाबी होतं.

"ब्रश लागला असेल," धाकटी म्हणाली.

"आत्ता कुठे ब्रश केलास?"

ताईनं तिला खिडकीपाशी बसवलं आणि ओल्या कापसानं पाय पुसायला घेतले. कापूस मातकट होत गेला, आणि खालून ठिपके वर आले. सकाळी नडगीवर होते ते आता गुडघ्याच्या वर गेले होते. ताईनं अंगठा टेकवला, दाबला, उचलला. ठिपके तितकेच लाल. दुसऱ्या पायावर दाबला. तिथेही तेच.

तिनं दवाखान्यात फोन लावला.

"अहो, बाईंनी सकाळीच बघितलंय," नर्स म्हणाली. "इथे लिहिलंय, कातडी स्वच्छ."

"नव्हती स्वच्छ. मी रंग लावला होता."

मग नर्सचा आवाज बदलला. "गाडी करा आणि लगेच निघा. कुठे आपटू देऊ नका त्यांना. मी बाईंना सांगते."

ताईनं गाडी बोलावली आणि खुर्चीच्या पायाशी बसून रडायला लागली. "मला वाटलं माझ्या क्रीमनं झालं. आई शप्पथ, मला तसंच वाटलं."

"क्रीमनं नाही झालं," धाकटी म्हणाली. "पहिल्या वेळीही असंच घोट्यापासून सुरू झालं होतं. मी तेव्हा लांब होते, तू बघितलं नव्हतंस."

ताईनं मान वर केली. "तुला माहीत होतं?"

"मी मोजे काढले नव्हते ना, त्या दिवशी चारच होते. मग तू क्रीम लावलंस, आणि तुला वाटलं तुझंच चुकलं. मी वाटू दिलं." तिनं डोक्यावरून हात फिरवला. "पुन्हा सगळे जातील गं. मला एकदा भांग पाडायचा होता. एकदाच."

तिला ओरडावं की कवटाळावं, हे ताईला कळेना. कवटाळायचीही सोय नव्हती, दाबलं तर अंग काळंनिळं पडलं असतं. ती उठली, खुर्ची आरशाकडे वळवली आणि धाकटीच्या मागे उभी राहिली. कंगवा घेतला, पण टोचेल म्हणून परत ठेवला. बोट पाण्यात बुडवलं आणि कपाळाच्या मधोमध, अगदी हलक्या हातानं, मागे नेलं. बोटाच्या दोन्ही बाजूंना केस बसले. मध्ये पांढरी रेघ दिसली.

"दिसतोय?"

"दिसतोय," धाकटी म्हणाली.

ताईनं बोट उचललं तसे केस पुन्हा उभे राहिले. तिनं ते पुन्हा ओलं केलं आणि पुन्हा फिरवलं. बाहेर गाडी येऊन थांबली, तरी ती बोट टेकवून तशीच उभी होती.