तीस चित्रांपैकी सहा

माज्याकडं खोट चालत न्हाई, हे अख्ख्या पौडाला ठाऊक हाय. मी पीरमहंमद, तांदळाचा व्यापारी. पोत्यातनं नमुना काढायचा तर वरनं, पोटातनं, तळातनं. मग समदा मिसळून बघायचा. तुकडा दाना निघाला तर उचलून फेकायचा न्हाई, त्योबी मालच हाय. ताम्हिणीचा गोमा एकदा तांदूळ विकाय आला अन् म्हनला, "शेट, कडंचं पोतं तेवढं तपासायचं ऱ्हाऊ द्या." असा झापला त्याला, की दोन बाजार माज्या दारात फिरकला न्हाई.

माजी पोर मुनीरा पुण्याला पीएच.डी. करत हुती. पंच्याऐंशी सालची गोष्ट. प्रोटॉन म्हनं समद्या वस्तूंत असतोय, तांदळात बी. त्याच्या पोटात क्वार्क, अन् त्यास्नी धरून ठेवनारे ग्लुऑन. डोळ्यांनी तर दिसत न्हाईत. मग कम्प्युटरात एक जाळी मांडायची, फासे टाकल्यागत त्या पोटाची चित्रं काढायची, अन् समद्यांच्या सरासरीवरनं प्रोटॉनचं वजन काढायचं. आठ महिन्यांत तीस चित्रं निघाली. वजन मातूर खऱ्यापेक्षा लई जास्त.

एका शुक्रवारी घरी आली, तोंड एवढंसं करून. "अब्बा, सहा चित्रं वगळली की वजन बरोब्बर जुळतंय. महिन्याअखेर प्रबंध मंजूर झाला न्हाई, तर माजी तितली नोकरीची जागा जाती."

चार वर्सं पोर राबलेली. माजा जीव तुटला. म्हनलं, "मग वगळ की! कोन बघायला येतंय?"

ती च्या पिऊन पुढच्या येष्टीनं गेली.

प्रबंधात तिनं तीसच्या तीस चित्रं घातली. वर लिवलं, जाळीच लहान पडतीया, म्हनून वजन फुगतंय. परीक्षक म्हनले, बरोबर हाय, आता मोठ्या जाळीवर पुन्यांदा करा. त्यात वर्स जानार. जागा गेली.

ट्रंक घेऊन दारात आली तवा मी भडकलो. "सांगितलं हुतं ना तुला? बापाचं ऐकायला काय झालं हुतं?"

"अब्बा, ती सहा मी त्या शुक्रवारच्या आधीच काढून टाकली हुती," मुनीरा म्हनली. "तुमी झापाल म्हनून तर त्या दिवशी सांगाय आले हुते."

माजी मलाच लाज वाटली, लई लाज वाटली.

"अन् तुमीच म्हनलात, वगळ. तवा भ्या वाटलं मला. वाटलं, आता आपल्याला अडवनारं कोनच न्हाई. म्हनून परत घातली."