शेफची चिमूट

शाळेच्या फाटकावर त्या दिवशी इतकी झुंबड, की आत जाताना माझ्या पायात माझीच चप्पल होती, बाहेर येताना दोघांच्या निघाल्या.

टीव्हीवरचा शेफ आला होता, ‘शाळेचं जेवण सुधारा’ अशी मोहीम घेऊन. भोपळा दिसला की पळणारी दीडशे पोरं समोर बसवली. शेफने कोपर उंचावून भोपळ्याच्या पातेल्यात पूड सोडली आणि डोळे मिटले. “फ्रेंड्स, ही पूड नाही, हे प्रेम आहे! सात डोंगरांवरची सात पानं...” आणि पोरांनी ताटल्या अशा चाटल्या, की त्या धुवायचं कारणच उरलं नाही.

आयांचे डोळे भरून आले. एकीने चिमूटभर पूड घरी नेली. तिच्या सासूबाईंनी ती गुडघ्याला चोळली आणि म्हणे धडाधड जिना चढल्या. उतरल्या कशा, ते कोणी विचारलं नाही.

ठरलं! सोमवारपासून शाळेत शेफच्या कंपनीची पाकिटं. बावीस वर्षं तिथे स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी किल्ली ठेवून घरी जायचं. शनिवारी ठरावावर पालकांच्या सह्या झाल्या, की संपलं.

मावशी विज्ञानाच्या बाईंकडे गेल्या. “बाई, शेफच्या माणसांनी पोरांचे खाऊचे डबे सकाळीच काढून घेतले होते, शूटिंगमध्ये दिसतात म्हणून. साडेबाराचं जेवण वाढलं पावणेतीनला. भुकेला कोंडा नि निजेला धोंडा! चिमूट कशाला लागते?”

“पालकांना सांगितलंत?”

“सांगितलं. म्हणाले, मावशींना पोटशूळ उठलाय.”

“मग आता त्यांच्या पोटालाच सांगू,” बाई म्हणाल्या.

शनिवारी सभा दहाला सुरू झाली. शेफ कॅमेऱ्यासकट हजर. पालकांच्या जेवणासाठी त्याने आपली पुडी बाईंच्या हाती दिली. बाईंनी वार्षिक अहवाल वाचायला घेतला: गळक्या तोट्या, खडूंचे खोके, बाकांचे मोडके पाय. एक वाजला, दोन वाजले. पुढच्या रांगेतल्या वकिलांच्या पोटातून असा आवाज निघाला, की कॅमेरावाला माइक तपासायला धावला.

पावणेतीनला मावशींनी भोपळा वाढला. मंडळी तुटून पडली.

“वा, शेफ! काय जादू आहे हो चिमटीत!” वकील ताटली निपटत म्हणाले.

शेफने छातीवर हात ठेवला. “प्रेम, सर. फक्त प्रेम.”

“तुमची पुडी माझ्या पर्समध्येच आहे,” बाई म्हणाल्या.

“आणि मी मीठसुद्धा घातलेलं नाही,” मावशी म्हणाल्या.

भ्रमाचा भोपळा फुटतो म्हणतात. इथे तो लोकांनी खाल्ला.

“श्रद्धा नसेल तर...” शेफ पुटपुटला.

“पोटाला श्रद्धा कळत नाही, वेळ कळते,” बाई म्हणाल्या. “तुम्ही पोरांना सव्वादोन तास उपाशी ठेवलंत. हीच तुमची सात पानं.”

वकील खाली बघत म्हणाले, “माझी मुलगी घरी येऊन म्हणाली, बाबा, भुकेने पोट दुखत होतं. मी तिलाच दटावलं, शेफकाकांना नावं ठेवायची नाहीत म्हणून.”

त्यांनीच ठराव फाडला. शेफ निघाला, कॅमेरा त्याआधीच निघाला होता.

“पण मावशी, तुमचं जेवण बेचव असतं, हे खरंच ना?” एका आईने विचारलं.

“खरंच आहे. तीन दिवसांची सुकलेली भाजी देता, वर एकटीने दीडशे ताटं करायची. ताजी भाजी द्या, जोडीला माणूस द्या. मग मला नावं ठेवा.”

सह्या झाल्या त्या या मागणीवर.

म्हणून सांगतो, चिमूट सोडणारा शेफ असो की बुवा, हात जोडण्याआधी विचारा, पडद्यामागे काय घडलं? चमत्कार बसल्या जागी बघता येतो; भाजी आणायला मात्र उठावं लागतं.